आधी उत्तर, मग रीडिंग

साध्या लंबकाचा प्रयोग तुम्हीही केला असेल. दोऱ्याला गोळा बांधायचा, थोडा बाजूला ओढून सोडायचा, वीस आंदोलनांना किती सेकंद लागले ते स्टॉपवॉचवर बघायचं. दोऱ्याची लांबी बदलायची आणि पुन्हा तेच. शेवटी त्यातून गुरुत्वत्वरण, म्हणजे 'जी' काढायचा. तो ९.८ यायला पाहिजे.

आमच्या कॉलेजात तो यायचाच. कराडच्या आसपासचं साधं ज्युनियर कॉलेज, पण अख्ख्या वर्गाचा 'जी' ९.८ यायचा. त्यातल्या निम्म्यांनी लंबकाला हातसुद्धा लावलेला नसायचा. पद्धत सोपी होती. ९.८ पासून सुरुवात करायची आणि सूत्र उलटं फिरवायचं. एक मीटर लांबीला वीस आंदोलनांचे ४०.१ सेकंद येतात, ८० सेंटीमीटरला ३५.९, ६० ला ३१.१. मग प्रत्येक आकडा थोडा इकडेतिकडे हलवायचा, म्हणजे खरा वाटतो. जर्नल पूर्ण, सही झाली, विषय संपला. याला आम्ही 'रीडिंग जुळवणं' म्हणायचो. हे खोटं बोलणं आहे असं कुणाच्या मनातही आलं नाही. उत्तर माहीत आहे, मग मोजण्यात वेळ कशाला घालवायचा?

आज मी पुण्यात सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. माझ्याकडे कॉम्प्युटर सायन्सची डिग्री आहे आणि त्यासोबत फिजिक्सची एमएस्सीही आहे. इंटरव्ह्यूमध्ये लोक विचारतात, दोन्ही का केलंस? फिजिक्सचा उपयोग काय झाला? 'लॉजिकल थिंकिंग सुधारलं' असं एक पाठ केलेलं उत्तर मी देतो. खरं उत्तर लांबलचक आहे आणि त्यात मी फारसा चांगला दिसत नाही. ते इथे लिहितो.

*

माझे वडील, आण्णा, हायवेच्या कडेला एका खासगी वजनकाट्यावर काम करतात. साठ टनी काटा. ऊस, खडी, भंगार, जे काही गाडीत भरून येईल ते. आधी भरलेली गाडी, मग रिकामी, दोन्हीतला फरक म्हणजे माल. उसाच्या हंगामात काही शेतकरी कारखान्यावर जायच्या आधी मुद्दाम आण्णांच्या काट्यावरून ट्रॉली नेतात. काटामारीची धास्ती आमच्या भागात सगळ्यांनाच असते. हातात दुसरी पावती असली की निदान भांडता तरी येतं.

रोज सकाळी काटा सुरू करताना आण्णा एक काम करायचे. डिस्प्लेवर शून्य आहे का बघायचं आणि मग प्लॅटफॉर्मच्या चारही कोपऱ्यांवर एकेकदा जाऊन उभं राहायचं. सुट्टीच्या दिवशी आत खिडकीपाशी मी असायचो.

"किती?"

"सत्तर."

"आता?"

"सत्तर."

एखाद्या कोपऱ्यावर ऐंशी आलं किंवा साठ आलं, की खाली चिखल नाहीतर खडी अडकलेली असायची. आण्णा सळई घेऊन खाली वाकायचे. काटा दहा-दहा किलोंच्या टप्प्यानं दाखवायचा. एकदा मी विचारलं, "आण्णा, तुमचं वजन नेमकं किती?" ते म्हणाले, "दहा किलोच्या आत ह्यो काटा काय बोलत नाही. आणि तो बोलत नाही तिथं आपण पण बोलायचं नाही."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. अकरावीत रीडिंग जुळवताना ते आठवलंही नाही.

*

२०१५ साली माझी बारावी झाली. इंजिनियरिंगच्या प्रवेश परीक्षेत मनासारखे मार्क पडले नाहीत. गोव्यातल्या एका संस्थेत मात्र एक वाट होती: पाच वर्षांत दोन डिग्र्या. प्रवेश फिजिक्सच्या एमएस्सीला मिळायचा आणि पहिल्या वर्षाच्या मार्कांवर इंजिनियरिंगची शाखा ठरायची. चांगले मार्क पडले तर कॉम्प्युटर सायन्स. आम्ही महामार्गाकडेची माणसं, त्यामुळे माझ्या डोक्यात चित्र स्पष्ट होतं. कॉम्प्युटर हा हायवे आणि फिजिक्स हा त्याच्यावर चढायला लागणारा सर्व्हिस रोड. आण्णांनी शैक्षणिक कर्ज काढलं, तेही हायवेकडे बघूनच.

पहिल्या वर्षी फेब्रुवारीत एक गोष्ट झाली. ११ फेब्रुवारी २०१६ ला लायगोनं गुरुत्वीय लहरी सापडल्याचं जाहीर केलं. होस्टेलच्या कॉमन रूममध्ये आम्ही वीसेक जण एका लॅपटॉपसमोर दाटीवाटीनं बसलो होतो. सुमारे १३० कोटी प्रकाशवर्षांवर दोन कृष्णविवरं एकमेकांत मिसळली होती आणि त्या धक्क्यानं चार किलोमीटर लांबीच्या नळ्यांमधलं अंतर प्रोटॉनच्या व्यासाच्या जेमतेम काही हजारांश भागाइतकं हललं होतं. ते हलणं या लोकांनी मोजलं होतं. पुढच्याच आठवड्यात बातमी आली की भारतातल्या लायगोला केंद्रानं तत्त्वतः मान्यता दिली. नंतर त्यासाठी आपल्या हिंगोली जिल्ह्यातली जागा ठरली. साठ टनी काट्याच्या पोराला तो आकडा पचेना. दहा किलोच्या आत न बोलणारा काटा कुठे आणि हा कुठे?

त्या रात्रीनंतर सर्व्हिस रोडवरून जाताना मी आजूबाजूला बघायला लागलो.

*

दुसऱ्या वर्षी कॉम्प्युटर सायन्स मिळालं आणि खरी धावपळ सुरू झाली. सकाळी डेटा स्ट्रक्चर्स, दुपारी क्वांटम मेकॅनिक्स, संध्याकाळी एक तर प्रोग्रॅमिंगची लॅब नाहीतर फिजिक्सची. बाकीच्यांपेक्षा आमचं वेळापत्रक दाट असायचं आणि परीक्षा तर कधीकधी एकाच दिवशी दोन. तक्रार करायला वेळ नव्हता, हेच बरं झालं.

पण दोन्ही एकत्र शिकण्याची एक मजा असते, ती वेगवेगळं शिकताना येत नाही. थर्मोडायनॅमिक्सच्या सरांनी बोल्ट्झमनची एन्ट्रॉपी शिकवली आणि त्याच महिन्यात दुसऱ्या इमारतीत शॅननची एन्ट्रॉपी आली, १९४८ सालची, टेलिफोनच्या तारेतून किती माहिती जाऊ शकते या प्रश्नातून निघालेली. एकात वायूचे रेणू, दुसऱ्यात संदेशाची अक्षरं, आणि फळ्यावरचं सूत्र एका स्थिरांकाचा फरक सोडला तर तेच. पुढे लँडॉवर भेटला. १९६१ साली त्यानं दाखवलं की माहितीचा एक बिट पुसायला किमान काही ऊर्जा लागतेच आणि ती उष्णता होऊन बाहेर पडते. आकडा अतिशय लहान आहे, पण शून्य नाही. डिलीट फुकट नसतं. हे समजलं त्या दिवशी मी मेसमध्ये ताट घेऊन उभाच राहिलो होतो, मागच्यानं ढकलेपर्यंत.

आणि एक सूर्य-पृथ्वीचा प्रोग्रॅम. सूर्य मध्ये, पृथ्वी भोवती. दर दिवसाला गणित करायचं: आत्ताचा वेग घेऊन पृथ्वी पुढे सरकवायची, आत्ताचं गुरुत्वाकर्षण घेऊन वेग बदलायचा, पुढचा दिवस. दहा-बारा ओळींचा कोड. एकही एरर नाही. चालवला तर पृथ्वी हळूहळू बाहेर सरकायला लागली. चौथ्या वर्षाच्या सुमाराला ती मंगळाच्या अंतरावर गेली आणि दहा वर्षांत सूर्यापासून जवळजवळ दुप्पट लांब. मी दोन तास बग शोधला. कोडमध्ये काही चुकलेलं नव्हतं. चूक पद्धतीत होती: दर दिवसाला अगदी किंचित ऊर्जा कुठूनही न येता वाढत होती आणि ती साठत गेली. उपाय काय, तर दोन ओळींची अदलाबदल. आधी वेग बदलायचा आणि तो नवा वेग वापरून पृथ्वी सरकवायची. बस. पृथ्वी गुपचूप कक्षेत राहिली.

कंपायलरला पृथ्वीशी देणंघेणं नसतं. कोड नियमाप्रमाणे लिहिलाय का, एवढंच तो बघतो. पृथ्वी सुटून चाललीय हे ओळखायला पृथ्वी माहीत असावी लागते.

*

आता मूळ गोष्ट.

कॉम्प्युटर सायन्समध्ये एक उत्तम सवय लावतात. कोड लिहायच्या आधी टेस्ट लिहा. अमुक इनपुट दिलं तर तमुक आउटपुट यायला पाहिजे, हे आधीच ठरवून ठेवा. मग ते येईपर्यंत कोडशी झगडा. आलं की हिरवी खूण. म्हणजे आधी उत्तर, मग प्रोग्रॅम. यात काही गैर नाही, चांगलं सॉफ्टवेअर असंच लिहितात.

मी ही सवय खिशात घालून शेजारच्या इमारतीत गेलो.

तिसऱ्या वर्षी फिजिक्सच्या लॅबमध्ये मिलिकनचा तेलाच्या थेंबांचा प्रयोग होता. दोन धातूंच्या चकत्यांच्या मध्ये तेलाचा फवारा सोडायचा. सूक्ष्मदर्शकातून बघितलं की काळ्या पार्श्वभूमीवर चांदण्यांसारखे ठिपके दिसतात. त्यातला एक थेंब निवडायचा. तो ठरावीक अंतर पडायला किती वेळ घेतो ते मोजायचं. चकत्यांना काही शे व्होल्ट देऊन त्याला वर ओढायचं, पुन्हा वेळ मोजायचा. त्यावरून थेंबावरचा विद्युतभार काढायचा आणि शेवटी एका इलेक्ट्रॉनचा: १.६ गुणिले दहाचा उणे एकोणिसावा घात कूलॉम.

सांगायला सोपं, करायला भयंकर. थेंब बाजूला वाहत जातो. डोळ्यांत पाणी येतं. सहा रीडिंग झाली की सातव्याला थेंब हरवतो आणि नव्या थेंबापासून सगळं पुन्हा. दुसऱ्या दिवशी ऑपरेटिंग सिस्टिम्सची असाइनमेंट द्यायची होती. माझा नागपूरचा पार्टनर म्हणाला, "अबे, जुळवून टाक नं."

मी नुसतं जुळवलं नाही. मी इंजिनियर होणार होतो. मी पायथॉनमध्ये चाळीस ओळींची स्क्रिप्ट लिहिली. तिला अपेक्षित उत्तर द्यायचं, थेंबावर किती इलेक्ट्रॉन आहेत ते सांगायचं आणि चूक किती टक्के हवी ते सांगायचं. ती उलटं गणित करून पडायच्या आणि चढायच्या वेळांचा तक्ता छापायची. प्रत्येक वेळेत थोडी गडबडही मिसळायची, माणसानं मोजल्यासारखी. मला तिचा अभिमान वाटला. मी ती बॅचच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली.

दोन आठवड्यांनी मॅडमनी चार ग्रुप्सना बोलावलं. टेबलावर चार जर्नल्स शेजारीशेजारी उघडी होती. थेंब वेगळे, व्होल्टेज वेगळं, वेळा वेगळ्या. मॅडमनी प्रत्येक तक्त्याच्या कडेला पेन्सिलीनं एक रकाना काढला होता: प्रत्येक रीडिंग सरासरीपासून किती लांब आहे. चारही जर्नल्समध्ये तो रकाना सारखा होता. अधिक ०.०७, उणे ०.१२, अधिक ०.०३, त्याच क्रमानं, दहाच्या दहा.

प्रोग्रॅमरना लगेच कळलं असेल. कॉम्प्युटर यादृच्छिक आकडे देतो तेव्हा ते एका सुरुवातीच्या आकड्यापासून, 'सीड'पासून, बनवतो. सीड तोच ठेवला तर आकड्यांची रांगही तीच येते. टेस्ट करताना सोयीचं म्हणून मी सीड ४२ ठेवला होता, प्रोग्रॅमर लोकांचा लाडका आकडा, आणि काढायला विसरलो होतो.

मॅडम इंग्रजीत बोलायच्या, आवाज न चढवता. त्यांनी विचारलं, "चार टेबलांवर, चार वेगळ्या दिवशी, आठ जणांचा हात एकाच पद्धतीनं थरथरला?"

कुणी काही बोललं नाही. त्या म्हणाल्या, "उद्या संध्याकाळपर्यंत मी माझ्या खोलीत आहे."

ती रात्र वाईट गेली. मार्क गेले तर कॉम्प्युटरची शाखा जाणार नव्हती, ती मिळून गेली होती. पण प्रकरण वर गेलं तर काहीही होऊ शकलं असतं. घरी कर्जाचं पासबुक होतं. आणि बाकीचे सहा जण माझ्यामुळे अडकले होते, त्यांनी फक्त फाइल डाउनलोड केली होती. दुसऱ्या दिवशी चार वाजता मी गेलो आणि स्क्रिप्ट माझी आहे असं सांगितलं.

त्यांनी लॅपटॉपवर ती बघितली. पूर्ण, वरपासून खालपर्यंत. मग म्हणाल्या, "स्क्रिप्ट चांगली आहे. तू यात नॉइज मिसळलास. म्हणजे खरी रीडिंग कशी दिसतात हे तुला माहीत होतं. मग घेतली का नाहीस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही फारसं नाही.

चारही ग्रुप्सना त्या प्रयोगात शून्य मिळालं. मला वर एक काम मिळालं. प्रयोग पुन्हा करायचा, एकट्यानं. पेनानं लिहायचं. चुकलं तर खोडरबर नाही, व्हाइटनर नाही, एक आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. आणि उत्तर काढायचं नाही. "फक्त रीडिंग आण. गणित मी करेन."

तीन संध्याकाळ मी त्या अंधाऱ्या खोलीत बसलो. उत्तर काढायचं नाही म्हटल्यावर थेंबाकडे बघणंच बदललं. आधी मी प्रत्येक रीडिंगनंतर मनात हिशेब करायचो: बरोबर चाललंय का, १.६ कडे जातंय का? आता तो हिशेब बंद होता. थेंब पडतोय तेवढाच पडत होता. त्याला माझ्या जर्नलची, माझ्या मार्कांची काही पडलेली नव्हती. कुणीही न लिहिलेली, कुणालाही बदलता न येणारी एक गोष्ट माझ्यासमोर हळूहळू खाली येत होती आणि माझं काम फक्त बटण वेळेवर दाबणं एवढंच होतं. वीस वर्षांचा होतो मी. तोपर्यंत कुठलीच गोष्ट मी अशी नुसती बघितली नव्हती.

मॅडमनी गणित केलं. उत्तर आलं १.७१, अधिक-उणे ०.१४. त्यांनी त्याच्याखाली रेघ मारली आणि मला दोन गोष्टी सांगितल्या.

पहिली मिलिकनची. त्यानं १९१३ साली छापलेला आकडा किंचित कमी होता, कारण हवेच्या चिकटपणासाठी त्यानं वापरलेली किंमत थोडी चुकीची होती. १९७४ साली कॅल्टेकच्या विद्यार्थ्यांसमोर बोलताना फाइनमननं सांगितलं की पुढच्या लोकांची उत्तरं एकदम बरोबर आकड्यावर गेली नाहीत. ती थोडीथोडी वर सरकत गेली. कारण मिलिकनपेक्षा फार वेगळं उत्तर आलं की लोक आपलं काय चुकलं ते शोधायचे आणि जवळचं आलं की फारसं शोधायचे नाहीत. यात स्क्रिप्ट लिहिणारा कुणी नव्हता. सगळी प्रामाणिक माणसं होती.

दुसरी लायगोची. २०१० साली लायगोच्या आकड्यांमध्ये मोजक्या लोकांनी गुपचूप एक खोटा सिग्नल घातला होता. बाकीच्या शेकडो शास्त्रज्ञांना तो खरा आहे की घातलेला, हे माहीत नव्हतं. त्यांनी महिनोन्‌महिने त्याची तपासणी केली, शोधनिबंधही लिहून ठेवला. मार्च २०११ मध्ये पाकीट उघडलं तेव्हा कळलं की सिग्नल खोटा होता. आपली यंत्रणा आणि आपली माणसं खरी लहर आली तर ती पकडतील का, हे तपासायला ते केलं होतं.

"खोटी रीडिंग त्यांनीही बनवली," मॅडम म्हणाल्या. "स्वतःला पकडायला."

*

त्यानंतर मी फिजिक्सच्या प्रेमात पडलो असं म्हणायला हरकत नाही. २० मे २०१९ ला किलोग्रॅमची व्याख्या बदलली. तोवर पॅरिसजवळ जपून ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक ठोकळा म्हणजे एक किलो होता. आता किलो प्लांकच्या स्थिरांकावरून ठरतो. त्याच दिवसापासून इलेक्ट्रॉनच्या भाराचा आकडाही कायमचा ठरवून टाकला. म्हणजे आता कुठल्याही कॉलेजात कुणी मिलिकनचा प्रयोग केला, तर इलेक्ट्रॉन मोजला जात नाही. मोजलं जातं ते यंत्र आणि मोजणारा माणूस.

मी उत्साहानं घरी फोन केला. आण्णांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग आपल्या काट्याला परत शिक्का मारून घ्याया लागंल का?"

मी म्हटलं, "नाही आण्णा, तुम्हाला काही फरक पडणार नाही."

"मग बरं झालं," ते म्हणाले. "जेवलास का?"

शेवटच्या वर्षी एका गाईडनी पीएचडीचं सुचवलं. मी प्रवेश परीक्षांचे फॉर्मही भरले. कॅम्पसमधून पुण्याच्या एका कंपनीची नोकरी हातात होती. मार्च २०२० मध्ये लॉकडाउन लागलं, प्रबंध घरी बसून पूर्ण केला, मुलाखतींचं काय होणार हे कुणालाच सांगता येईना. बहिणीचं कॉलेज सुरू व्हायचं होतं आणि हप्ते सुरू होणार होते. आण्णा एकदाही 'नोकरी घे' म्हणाले नाहीत. एका रात्री मी त्यांना पासबुक उघडून बसलेलं बघितलं आणि सकाळी कंपनीला होकार कळवला. यात कुणाचा दोष नाही. पण फिजिक्स सोडलं ते असं, एका ईमेलमध्ये. पुसायला ऊर्जा लागते, हे तेव्हा कळलं.

*

नोकरीच्या दुसऱ्या वर्षी आम्ही ॲपच्या एका पानाची चाचणी घेतली. अर्ध्या लोकांना जुनं पान दाखवायचं, अर्ध्यांना नवं, आणि दोन आठवड्यांनी कुठल्यावर खरेदी जास्त झाली ते बघायचं. पाचव्या दिवशी नवं पान चार टक्क्यांनी पुढे होतं. मॅनेजर म्हणाला, छान आहे, थांबवू या, रिपोर्ट कर.

नाणं उडवत राहिलं आणि छापे जास्त झाले की लगेच थांबलं, तर चांगलं नाणंही खोटं ठरवता येतं. हे मला माहीत होतं. त्या खोलीत ते माझ्याइतकं पक्कं कदाचित दुसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मी रिपोर्ट केला. चार टक्के, मोठ्या अक्षरात, अधिक-उणे काही नाही. नवं पान सगळ्यांना गेलं आणि तो फायदा काही महिन्यांत कुठेच दिसेना. कुणी विचारलं नाही. मला बढती मिळाली.

म्हणून मी म्हटलं, खऱ्या उत्तरात मी फारसा चांगला दिसत नाही. मॅडमच्या खोलीत चार वाजता गेलेला मुलगा आणि हा रिपोर्ट करणारा माणूस एकच आहे. मधे फक्त चार वर्षं आहेत.

गेल्या वर्षी दुसऱ्या कंपनीत असताना रायडर लोकांच्या डिलिव्हरीच्या वेळेचं काम माझ्याकडे आलं. आमचा प्रोग्रॅम अंदाज बांधायचा की ही ऑर्डर इतक्या मिनिटांत पोहोचायला हवी. त्याहून दोन मिनिटांपेक्षा जास्त उशीर झाला की रायडरच्या इन्सेंटिव्हमधून पैसे कापायचे, असा प्रस्ताव होता. मी आकडे खालपासून बघितले. 'पोहोचलो' हे बटण रायडर कधी दाबतो यावर वेळ ठरत होती. उंच इमारतींच्या मधे जीपीएस भरकटतो. लिफ्टची वाट बघणं कुठेच मोजलेलं नव्हतं. आणि ज्या ऑर्डर फार उशीर झाल्यामुळे रद्द झाल्या, त्या आम्ही हिशेबातून आधीच काढून टाकल्या होत्या. म्हणजे सगळ्यात लांबलेल्या वेळा बाहेर आणि उरलेल्यांची सरासरी छान. टेस्ट सगळ्या हिरव्या होत्या. पृथ्वी बाहेर चालली होती.

मी दोन आठवडे मागून घेतले. काढलेल्या ऑर्डर परत घातल्या आणि अंदाजाची चूक किती ते काढलं. अधिक-उणे चार मिनिटं. मीटिंगमध्ये मी म्हटलं की चार मिनिटांच्या आत आपलं यंत्र काही सांगू शकत नाही. ते सांगू शकत नाही तिथे आपण कुणाचे पैसे कापू नयेत. बोलून झाल्यावर लक्षात आलं की हे वाक्य माझं नाही.

चार मागितली होती, तीन मिळाली. तीन मिनिटांपर्यंतच्या उशिराला कपात नाही, पुढे आहे. वर्षअखेरच्या रिव्ह्यूमध्ये माझ्याबद्दल 'काम वेळेत संपवण्यावर लक्ष द्यावं' असं आलं. मी जिंकलो नाही. पण त्या रिपोर्टमध्ये आकड्यापुढे अधिक-उणे लिहिलेलं होतं.

*

दिवाळीला घरी गेलो होतो. सकाळी आण्णांबरोबर काट्यावर गेलो. आता डिस्प्ले नवा आहे, कॅमेरा आहे, पावती छापून येते. शून्य बघून झाल्यावर आण्णा सवयीनं प्लॅटफॉर्मवर गेले. मी खिडकीपाशी.

"किती?"

"साठ."

"आता?"

"साठ."

चारही कोपऱ्यांवर साठ. काटा ठीक होता.

लहानपणी तिथे सत्तर यायचं. सत्तर म्हणजे पासष्टपासून पंच्याहत्तरपर्यंत काहीही आणि साठ म्हणजे पंचावन्नपासून पासष्टपर्यंत काहीही. आण्णा अर्ध्या किलोनं उतरले असतील किंवा पंधरा किलोंनी. मी त्यांच्या शर्टाच्या कॉलरकडे बघितलं, ती गळ्याभोवती सैल झाली होती. पण कॉलर हे काही माप नाही.

"आण्णा," मी म्हटलं, "आज दवाखान्यात जाऊ या. तिथला काटा शंभर ग्रॅमपर्यंत दाखवतो."

"कशाला?"

"बघू तरी नेमकं किती आहे ते."

बाहेर उसाची ट्रॉली येऊन थांबली होती. ट्रॅक्टरवाल्यानं हॉर्न दिला. आण्णा प्लॅटफॉर्मवरून खाली उतरले आणि त्याला हात केला.

"जाऊ की," ते म्हणाले. "आधी एवढी ट्रॉली होऊ दे."